रस्त्याकडेची चार फूट हिरवळ



विषय जरा घाण आहे, तेव्हा समोर चहा-पोह्यांची बशी असेल तर आधी ती संपवा. विषय आहे कुत्र्यांच्या शी-शूचा, आणि त्यावरून शेजाऱ्याशी होता होता राहिलेल्या भांडणाचा.

गेल्या सप्टेंबरमधली गोष्ट. शनिवारी सकाळी मी गॅरेजमध्ये लेकीच्या सायकलीत हवा भरत होतो. कोपऱ्यावरच्या घरातले आजोबा आले. (आजोबा मी इथे लिहिताना म्हणतोय. समोर त्यांना पहिल्या नावानेच हाक मारतो आणि आठ वर्षं झाली तरी पंचाहत्तरीच्या माणसाला नुसत्या नावाने बोलावताना जीभ अडखळते ती अडखळतेच.) एरवी ते आले की आधी हवापाणी, मग बेसबॉल आणि मग काय ते काम. त्या दिवशी एकदम मुद्द्याला हात. तुमची कुत्री माझ्या गवतावर घाण करते आणि कुणी उचलत नाही. दोन आठवड्यांत पाच वेळा झालं.

मी ठासून म्हणालो, शक्यच नाही. आमच्या पट्ट्याला पिशव्यांची डबी लावलेली असते, आम्ही कायम उचलतो. दुसऱ्या कुणाचा तरी कुत्रा असणार.

त्यांनी खिशातून फोन काढला आणि दारावरच्या घंटीच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग दाखवलं. वेळ सकाळी सहा चाळीस. आमची कुत्री गोल गोल फिरते, मनासारखी जागा सापडते, बसते. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला माकडटोपी, पांढरा स्वेटर, मोज्यांवर सँडल. ही व्यक्ती एखादं विमान शोधत असल्यासारखी आभाळाकडे बघतेय. खालचा कार्यक्रम आटोपल्यावर शांतपणे पुढे चालू पडते.

ते आमचे बाबा होते.

"तुझे वडील सज्जन गृहस्थ आहेत, रोज मला हात करतात," आजोबा म्हणाले. "म्हणूनच दोन आठवडे थांबलो."

यापेक्षा ते चिडून बोलले असते तर बरं झालं असतं.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात आम्ही राहतो. तीन वर्षांपूर्वी लेकीच्या हट्टापायी प्राण्यांच्या निवाऱ्यातून ही कुत्री आणली. अर्धी बीगल, उरलेली देव जाणे. लेकीने नाव ठेवलं नटमेग. बाबा एप्रिलमध्ये कणकवलीहून सहा महिन्यांसाठी आले, पहिल्याच दिवशी नावाचा अर्थ विचारून घेतला आणि तेव्हापासून तिला जायफळ म्हणायला लागले. तीही "जायफळा, चल गो" म्हटलं की शेपूट हलवत उठते. सकाळचा फेरा त्यांनी आपण होऊन मागून घेतला. आम्ही दोघं ऑफिसच्या गडबडीत, आम्हाला वाटलं बरंच झालं, बाबांचा वेळ जाईल. पिशव्या कशा काढायच्या ते मी दाखवलं होतं. त्यांनी मान डोलावली होती. बाबांच्या मान डोलावण्याचा अर्थ "समजलं" असा असतो, "करतो" असा नसतो, हे मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तरी कळायला हवं होतं.

आता ज्या गवतावरून हे सगळं झालं त्याविषयी. फूटपाथ आणि रस्ता यांच्यामध्ये जी चार-पाच फुटांची हिरवी पट्टी असते, तीच ही. शिकागोकडे तिला पार्कवे म्हणतात. ओहायोत ट्री लॉन, इंग्लंडात व्हर्ज, ऑस्ट्रेलियात नेचर स्ट्रिप. ओहायोतल्याच अ‍ॅक्रन शहरात चक्क डेव्हिल स्ट्रिप म्हणतात. कोकणातल्या माणसाला हे नाव लगेच पटावं, कारण आमच्याकडेही हद्दीवर देवचार बसलेला असतो आणि हद्द ओलांडणाऱ्याला वाट चुकवतो.

या पट्टीची गंमत अशी की ती धड कुणाची नसते. आमच्या इथे जमीन गावाची, तिच्यावरचं झाड गावाचं, पण गवत कापायचं, पाणी घालायचं, पानं गोळा करायची ती घरमालकाने. अमेरिकेतल्या बहुतेक उपनगरांत असाच हिशोब आहे. म्हणजे मालकी सरकारी आणि मेहनत खाजगी. अशा जागेवरून भांडणं झाली नाहीत तरच नवल. कुत्रा फिरवणाऱ्याला वाटतं, सार्वजनिक जागा आहे. घरमालकाला वाटतं, दर शनिवारी घाम मी गाळतो.

त्यात आजोबांची पट्टी साधी नव्हे. तिथे मोठा अ‍ॅश वृक्ष होता. एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाचा हिरवा किडा २००६ साली इलिनॉयमध्ये सापडला, आणि पुढच्या वर्षांत या भागातले रस्त्याकडेचे अ‍ॅश रांगेने गेले. आजोबांच्या दारचं झाड गावाने कापलं, बुंधा यंत्राने खरवडून काढला आणि तिथे माती टाकून दिली. ते झाड त्यांच्या बायकोचं आवडतं होतं. ती गेली त्याला चार वर्षं झाली. त्या गोल टकलावर आजोबा दोनदा बी पेरून चुकले होते. इथे गवत पेरायला ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर हाच उत्तम काळ, आणि केंटकी ब्लूग्रासचं बी रुजायला दोन-तीन आठवडे तरी घेतं. नेमकी तीच ताजी मऊ माती जायफळाला पसंत पडली होती.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही आजोबा गेल्यावर मी पहिलं काय केलं? घर घेताना मिळालेला सर्व्हेचा नकाशा शोधून काढला. त्यांच्या प्लॉटची रेघ फूटपाथच्या अलीकडेच संपत असणार, याची खात्री करून घ्यायला. इंजिनिअरची जात. चूक आपली आहे हे कळलं की आम्ही आधी स्पेसिफिकेशन उघडतो. बायको म्हणाली, "तू जिंकशील रे. पण जानेवारीत आपला फूटपाथ कोण साफ करतं?"

ते आजोबाच करतात. बर्फ पडलं की स्वतःचा झाला की मशीन तसंच पुढे रेटत आमच्या ड्राइव्हवेपर्यंत येतात. मी नकाशा परत फाइलमध्ये ठेवला.

या बाबतीतला कायदा अगदी सरळ आहे: ज्याचा कुत्रा त्याने उचलायचं, जागा कुणाचीही असो. आज हे इतकं अंगवळणी पडलंय की हा नियम किती अलीकडचा आहे ते लक्षात येत नाही. न्यू जर्सीतल्या नटली गावाने १९७१ मध्ये असा नियम केला. न्यूयॉर्क राज्याचा कायदा १ ऑगस्ट १९७८ पासून लागू झाला, एड कॉच महापौर असताना. त्यावर तेव्हा प्रचंड गदारोळ झाला होता. लोक वाकून असलं काही उचलतील यावर कुणाचा विश्वासच बसेना. प्राणिप्रेमीही विरोधात होते, त्यांना भीती ही की लोक कुत्रे टाकून देतील. तसं काही झालं नाही. आज न्यूयॉर्क शहरात न उचलल्याचा दंड २५० डॉलर आहे. ब्रिटनने यासाठी १९९६ साली स्वतंत्र कायदाच केला होता.

पॅरिसने उलटी वाट धरली. १९८२ मध्ये, जाक शिराक महापौर असताना, तिथे मोटरसायकलींना व्हॅक्यूम बसवून पगारी माणसं रस्तोरस्ती फिरवली गेली. कुत्रा तुमचा, घाण तुमची, साफ करणार पालिकेचा माणूस. खर्च अफाट आणि फूटपाथ काही स्वच्छ होईनात. शेवटी तो ताफा बंद करून त्यांनीही दंडाची पावती हातात घेतली. पॅरिसचा हा उद्योग वाचताना मला हसू आलं, आणि मग लक्षात आलं की आपण सगळे याच पद्धतीत वाढलोय. फक्त आपल्याकडे मोटरसायकल नव्हती.

हल्ली तर प्रकरण डीएनएपर्यंत गेलंय. इस्रायलमधल्या पेताह तिक्वा शहराने २००८ मध्ये कुत्र्यांच्या तोंडातला नमुना घेऊन नोंद ठेवायचा प्रयोग केला होता. अमेरिकेत टेनेसीतली एक कंपनी अपार्टमेंटवाल्यांना हीच सेवा विकते: बेवारस ऐवजाचा तुकडा पाकिटातून पाठवा, मालकाचं नाव परत येतं. आमच्या बाबतीत मात्र माकडटोपी पुरेशी होती.

संध्याकाळी जेवताना मी विषय काढला. बाबा आधी हसले. "अरे, गावाक कुत्री काय कमी आसत? पाऊस पडलो की जाता सगळा." मग म्हणाले, "आणि खतच होतं ना त्याचं?"

नाही होत, आणि हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं म्हणून जरा सविस्तर सांगतो. गाय गवत खाते, तिचं शेण म्हणजे बराचसा अर्धवट पचलेला चाराच. कुत्र्याचं खाणं मांसाचं, आणि त्याच्या विष्ठेत टोक्सोकारासारख्या जंतांची अंडी असू शकतात. ती मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जाऊ शकतात. पाऊस पडला की जातं हे खरं, पण जातं कुठे? खुद्द शिकागो शहरात पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच नळातून शुद्धीकरण केंद्रात जातं. आमच्यासारख्या उपनगरांत दोन्ही नळ वेगळे. रस्त्याकडेच्या जाळीतून शिरलेलं पाणी कुठलीही प्रक्रिया न होता थेट ओढ्यात, तिथून ड्युपेज नदीत, पुढे इलिनॉय नदी, मिसिसिपी आणि समुद्र. कितीतरी गावांत त्या जाळीवर माशाचं चित्र असतं ते त्यासाठीच. अमेरिकेचं पर्यावरण खातं पाळीव प्राण्यांची घाण ही जलप्रदूषणाच्या कारणांत धरतं.

आणि शू? ती उचलता येत नाही, त्यामुळे खरी भांडणं तिच्यावरूनच लागतात. गवतावर जे पिवळे ठिपके पडतात ते अ‍ॅसिडमुळे, अशी समजूत आहे. तसं नाही. लघवीत युरिया असतो, युरियात नायट्रोजन. भातशेतीत एकाच जागी युरियाची मूठ सांडली तर रोपं करपतात, तेच इथे होतं. म्हणून तर ठिपक्याभोवती गर्द हिरवं कडं दिसतं, तिथे डोस बेताचा पोचलेला असतो. मादी एका जागी बसून सगळं सोडते, नर दहा ठिकाणी थोडं थोडं, त्यामुळे जास्त बदनाम माद्याच. कुत्र्याला टोमॅटोचा रस पाजा वगैरे उपाय नेटवर सापडतात, त्यांच्या नादी लागू नका. उपाय एकच. लगेच भरपूर पाणी ओतायचं.

हे सगळं मी बाबांना जेवणाच्या टेबलावर समजावलं, जवळजवळ असंच, म्हणजे प्रेझेंटेशन दिल्यासारखं. सगळं ऐकून ते म्हणाले, "ता सगळा खरा. पण ह्या माका जमाचा नाय."

बाबा मालवणीवर आले की प्रकरण तापलंय असं समजायचं. निवृत्त शिक्षक, एरवी बोलणं छापील पुस्तकासारखं. पण मीही तापलो होतो. म्हणालो, लहानपणी तुम्ही शेणाने अंगण सारवलंत ना, उघड्या हातांनी? मग प्लास्टिकची पिशवी घालून हे उचलायला काय होतं? म्हणाले, शेण वेगळं. मी म्हटलं, किळसच असती तर शेणाचीही वाटली असती. ही किळस नाही, हे काम दुसऱ्याचं आहे असं तुम्हाला वाटतंय. आणि मग जे बोलायला नको होतं ते बोललो. "आणि तीस वर्षं तुम्ही पोरांना अप्पासाहेब पटवर्धन शिकवलेत."

बाहेरच्या वाचकांसाठी: कणकवलीच्या माणसाला हे नाव सहज घेता येत नाही. अप्पासाहेब (१८९४-१९७१) म्हणजे कोकणचे गांधी. रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम स्वतः करायला मागितलं, सरकारने नाकारलं तेव्हा १९३२ मध्ये उपास केला, आणि येरवड्यातून गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपास सुरू केला. पुढे कणकवलीत गोपुरी आश्रम काढला. कुणाला दुसऱ्याचा मैला हाताने उचलावा लागू नये म्हणून त्यांनी बेतलेला गोपुरी संडास प्रसिद्ध आहे. बाबांनी लहानपणी त्यांना पाहिलेलं आहे. शाळेत दर वर्षी त्यांच्यावर बोलायचे, आणि बरं बोलायचे.

बाबा ताटावरून उठले नाहीत, पण पुढे एक शब्द बोलले नाहीत. दोन दिवस सकाळी फिरायलाही गेले नाहीत. जायफळ दाराशी जाऊन त्यांच्याकडे बघायची आणि मग नाइलाजाने माझ्याबरोबर यायची. आजोबांकडे मी जाऊन माफी मागितली, राहिलेलं उचललं, गवताच्या बियांची पिशवी दिली. बी त्यांनी घेतलं नाही, त्यांच्याकडे होतं.

तिसऱ्या दिवशी रात्री मी भांडी लावत होतो तेव्हा बाबा स्वयंपाकघरात आले. छापील मराठीत बोलायला लागले. आमच्या लहानपणी बाजारपेठेत टोपलीचे संडास होते, म्हणाले. मागच्या दाराने माणूस यायचा. आई त्याला वरून भाकरी टाकायची. पाणीही वरून. मग म्हणाले, "शाळेत मी अप्पांवर बोलायचो, आणि संडास धुवायची पाळी आली की कुठली मुलं पुढे व्हायची हे कुणी सांगावं लागत नसे. मीही कधी सांगितलं नाही. आणि कधी थांबवलंही नाही."

मला काय बोलावं सुचेना. आपल्याकडे या कामावर बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये आला आणि पुन्हा २०१३ मध्ये नवा करावा लागला, असलं काहीतरी मी पुटपुटणार होतो, पण सुदैवाने गप्प बसलो. विषय बदलायचा म्हणून सांगितलं, आजोबा गवताला कुठलं खत घालतात माहीत आहे? मिलऑर्गनाइट. इथून शंभरेक मैलांवर मिल्वॉकी शहर आहे, त्या शहराच्या सांडपाण्यावर वाढवलेले जंतू वाळवून केलेलं. १९२६ पासून पिशव्या भरून विकतात. लोक पैसे देऊन आणतात आणि लॉनवर टाकतात.

"म्हणजे गावाचा चालता, जायफळाचा नाय," बाबा म्हणाले, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसले. (ते उष्णतेने वाळवून निर्जंतुक केलेलं असतं, हे स्पष्टीकरण मी त्या रात्री दिलं नाही. इथे देतो, नाहीतर कुणीतरी कळवेलच.)

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. एकात एक अशा दोन पिशव्या आणि पाण्याची जुनी दुधाची कॅन घेऊन. परत आले तेव्हा पिशवी अंगापासून हातभर लांब धरलेली. ती टाकली आणि सरळ आंघोळीला गेले. ऑक्टोबरमध्ये परत जाईपर्यंत रोज हेच. उचलायचे, पाणी ओतायचे, आणि आंघोळ. ती आंघोळ स्वच्छतेची होती की दुसऱ्या कशाची, हे मी विचारलं नाही. लेकीने विचारलं, तेव्हा "थंडी वाजते म्हणून" असं उत्तर मिळालं.

आजोबांशी त्यांचं बोलणं होत होतं असं नंतर कळलं. कोणत्या भाषेत, देव जाणे. पण आजोबांना भातशेतीविषयी बरीच माहिती झालेली आहे, आणि बी पेरल्यावर वरून पेंढा पसरायचा सल्ला बाबांचा होता असं तेच सांगतात. इथेही तसंच करतात हे त्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. सगळं गोड झालं असंही नाही. त्यांनी पट्टीच्या कडेने हातभर उंचीचं तारेचं कुंपण लावलं ते अजून आहे, आणि पट्टा जरा सैल सुटला की आजही त्यांच्या खिडकीचा पडदा हलतो. आम्ही कोपऱ्यावर आलो की रस्त्याच्या पलीकडे जातो. पलीकडचे लोक भाड्याने राहतात, त्यांना गवताचं काही पडलेलं नाही.

बर्फ वितळल्यावर, मे महिन्यात, त्या गोलात गवत चांगलं धरलेलं दिसलं. मी फोटो काढून बाबांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं.

"उजव्या कडेला पिवळं दिसतंय. कॅन नेत नाहीस वाटतं."